किक सगळ्यात शेवटी: चार वर्षं उभी असलेली बाइक सुरू करताना

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना गाडीजवळ बसून एकेक पायरी वाचत काम करायचंय, त्यांच्यासाठी मध्ये वेळाही दिल्यात.)

००:०० सुरुवात

आजचा विषय कोडचा नाही, पण डीबगिंगचाच आहे. बरीच वर्षं उभी असलेली मोटरसायकल पुन्हा सुरू कशी करायची?

तुमच्यापैकी अनेकांच्या गावी अशी एक गाडी असणार. ताडपत्रीखाली, गोठ्याच्या कडेला, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात. आमच्याकडे बाबांची २००८ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. ९७ सीसी, कार्बोरेटरवाली, फक्त किकची. गुहागरकडच्या आमच्या घराच्या पडवीत ती २०२१ पासून उभी होती. त्या वर्षी बाबा पायरीवरून घसरले, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आम्ही आईबाबांना पुण्याला घेऊन आलो. घर बंद. गाडीही बंद.

या वर्षी दोघांनी ठरवलं की आता गावीच राहायचं. बाबांना डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण एक अट घातली: किक मारत बसायचं नाही. का, तर किक मारताना सगळं वजन डाव्या पायावर येतं.

आता प्रश्न कळला ना? गाडी नुसती सुरू होऊन भागणार नव्हतं. ती एका-दोन किकमध्ये सुरू व्हायला हवी होती. नाहीतर बाबांना बाजारात जायला दर वेळी सहा आसनीची वाट बघत फाट्यावर उभं राहणं आलंच. आईचं म्हणणं, "भंगारवाला चार हजार देतोय, देऊन टाका." मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगतो. बाबा एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअर ना? मग बघ की एकदा."

०२:१० मी काय चुकलो

रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचलो. चहा प्यायलो, ताडपत्री काढली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि थेट किक मारायला लागलो. चाळीसेक तरी मारल्या असतील. घाम आला, पेट्रोलचा वास सुटला, गाडी एकदासुद्धा फुरफुरली नाही. बाबा खुर्चीत बसून बघत होते. काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला वाचता येत होता.

ही माझी पहिली चूक, आणि आजच्या भागाचा सगळा मुद्दा हाच आहे: किक ही पहिली पायरी नाही, शेवटची आहे. कारणं तीन.

एक, इंजिन वर्षानुवर्षं उभं असलं की सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं तेल ओघळून खाली जातं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडतात. दमट हवेत तिथं हलका गंजही धरतो. अशात जोरात किक मारली की कोरडं लोखंड लोखंडावर घासतं.

दोन, टाकीच्या तळाशी गंज आणि पाणी साचलेलं असतं. कॉक उघडला की ते सगळं तुम्ही स्वतःच्या हातानं कार्बोरेटरमध्ये सोडता.

तीन, एअर फिल्टरच्या डब्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ते पुढे सांगतो, तोच सगळ्यात मजेशीर भाग आहे.

०३:४० इंजिनाला हवं काय?

पेट्रोल इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. हवेत पेट्रोलचे बारीक कण मिसळतात, पिस्टन ते मिश्रण दाबतो, योग्य क्षणी प्लग ठिणगी टाकतो, भडका उडतो. चारही गोष्टी जागेवर असतील तर इंजिनाला सुरू न होण्याचं कारणच उरत नाही. एक जरी नसेल तर किती का किक मारा, उपयोग नाही.

म्हणजे आपल्याकडे चार मॉड्यूल आहेत आणि एरर मेसेज एकच: "सुरू होत नाही." मग काय करायचं? प्रत्येक मॉड्यूल वेगळं तपासायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पेट्रोल, फिल्टर सगळं एकदम बदललं आणि गाडी सुरू झाली, तर बरंच आहे. पण नाही झाली, तर आपण कुठं आहोत हेच कळत नाही.

०४:५० सुरू करण्याआधी

गाडी आधी उघड्यावर घ्या. आम्ही ती पडवीतून अंगणात आणली. याला दोन कारणं. बंद जागेत इंजिन चाललं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. दुसरं म्हणजे आग. मी शहाणा पडवीतच पेट्रोल काढायला बसलो होतो आणि पलीकडे चूल पेटलेली. आईनं असं झापलं की विचारू नका. बरोबरच होतं तिचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत लांबवर जाते. जवळ चूल नको, उदबत्ती नको, बिडी-सिगारेट नको.

०५:४० पहिलं: दाब, म्हणजे इंजिन फिरतंय का

प्लगवरची टोपी ओढून काढा, प्लगच्या पान्यानं प्लग उघडा. आजूबाजूची माती आधी फुंकून किंवा ब्रशनं साफ करा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. मग त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि निदान तासभर थांबा. रात्रभर थांबलात तर आणखी चांगलं.

मग किक पायानं नाही, हातानं दाबायची. हळू. प्लग काढलेला असल्यामुळे आत दाब तयार होत नाही, त्यामुळे इंजिन सहज फिरायला हवं. पिस्टन अडकलाय असं वाटलं तर जोर लावू नका. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं हलकेच पुढे-मागे करा. तरीही हललं नाही तर अजून तेल सोडा आणि पुन्हा थांबा. इथं जबरदस्ती केली तर रिंग तुटते, आणि मग दोनशे रुपयांचं काम कित्येक हजारांवर जातं.

आमचं इंजिन फिरलं. पहिल्यांदा जरा खरखरलं, मग मऊ झालं. आता प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी किक मारायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला गेला की समजायचं दाब आहे.

याच वेळी इंजिन ऑइल बदला. डिपस्टिकवर ते काळं दिसलं म्हणून नाही, तर इतकी वर्षं त्यात बाष्प जाऊन बसलेलं असतं म्हणून. ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी नक्कीच गेलंय. स्प्लेंडरला बदलताना सुमारे ९०० मिली लागतं.

०७:२० दुसरं: ठिणगी

काढलेला प्लग बघा. तो बोलतो. आमचा काळा आणि ओला होता. ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ओव्हरफ्लो मारतेय.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. चावी चालू करा, किक मारा. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी दिसली की उत्तम. पिवळी, अशक्त दिसली की आधी प्लग बदलून बघा, तो स्वस्तात मिळतो. काहीच दिसली नाही तर टोपी, वायर आणि हँडलवरचा किल स्विच, असेल तर, तपासा. आणि हो, उंदरांनी वायर कुरतडल्यात का तेही बघा.

इथं एक गैरसमज दूर करतो. "बॅटरी डाउन आहे म्हणून गाडी सुरू होत नाही," असं सगळे म्हणतात. जुन्या किकवाल्या शंभर सीसी गाड्यांमध्ये ठिणगीची वीज बहुधा बॅटरीतून येत नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून येते. आमची बॅटरी ठार मेलेली होती, तरी ठिणगी पडत होती, फक्त पिवळी. नवा प्लग लावला, निळी झाली. हॉर्न आणि इंडिकेटरसाठी बॅटरी नंतर नवीन घेतलीच.

०८:५० तिसरं: हवा

आता तो मजेशीर भाग. साइड पॅनल काढलं, एअर फिल्टरचा डबा उघडला. आत नारळाच्या सोडणाचा काथ्या, सुपारीची सालं आणि चिरगुटं. उंदरानं व्यवस्थित बाळंतपण उरकलं होतं तिथं!

म्हणजे मी ज्या चाळीस किक मारल्या, त्यात इंजिन श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतं आणि त्याच्या नाकात काथ्या होता. हवा नाही, नुसतं पेट्रोल. म्हणून प्लग ओला. नशीब, फिल्टर फाटलेला नव्हता, नाहीतर काथ्या पुढे कार्बोरेटरमध्ये गेला असता. फिल्टर बदलला, डबा पुसून घेतला. हे करताना तोंडाला रुमाल बांधा आणि हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

सायलेन्सरचं तोंडही बघा. कुंभारमाशीनं मातीचं घर करून ते बुजवलेलं असू शकतं.

१०:०० चौथं: पेट्रोल

सगळ्यात जास्त गाड्या इथं अडतात, म्हणून इथं जरा सविस्तर बोलतो.

पेट्रोल म्हणजे एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक, जे थंड इंजिनात पटकन पेटतात, तेच आधी उडून जातात. मागे उरतो तो जड भाग. तो हवेशी संयोग पावत पावत चिकट होतो आणि शेवटी त्याचा डिंकासारखा थर बसतो.

त्यात आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ मध्ये देशात दहा टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि आता पंपावर वीस टक्केवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी जाऊन बसतं. कॉकचा रिझर्व्ह टाकीच्या सगळ्यात खालून पेट्रोल घेतो. म्हणजे "पेट्रोल कमी आहे, रिझर्व्हवर टाकून बघू" म्हणालात, की टाकीतली सगळ्यात खराब गोष्ट इंजिनाला पाजलीत.

आम्ही नळी काढून टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. रंग चहासारखा. वास जुन्या ऑइल पेंटच्या डब्यासारखा. आणि तळाशी पाण्याचे तपकिरी थेंब स्पष्ट वेगळे दिसत होते. असं पेट्रोल "थोडं नवीन मिसळून चालवू" म्हणून वापरू नका. आणि गटारात, मातीत तर अजिबात ओतू नका. कोकणात विहीर कधीच फार लांब नसते. आम्ही ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दिलं.

टाकीत टॉर्च मारून बघा. हलका गंज असेल तर थोडं नवीन पेट्रोल घालून खळबळवून ते बाहेर काढा, दोन-तीन वेळा. पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवून नीट साफ करून घ्या. टाकी आणि कार्बोरेटरमधली रबरी नळी कडक झाली असेल, तिला चिरा असतील तर बदला. २००८ ची गाडी वीस टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नाही, त्यामुळे रबराच्या भागांवर लक्ष हवंच.

राहिला कार्बोरेटर. खाली एक वाटी असते, तिच्या तळाला स्क्रू. तो सैल केला की वाटीतलं जुनं पेट्रोल निघून जातं. थोडेच महिने उभ्या असलेल्या गाडीला बऱ्याचदा एवढंच पुरतं. चार वर्षांना नाही. आत पेट्रोल मोजून सोडणारी पितळेची भोकं असतात, त्यांना जेट म्हणतात. मोठा जेट रेस दिल्यावर काम करतो आणि छोटा, ज्याला पायलट जेट म्हणतात, तो आयडलवर. पायलटचं भोक जेमतेम सुईच्या टोकाएवढं. जुन्या पेट्रोलचा डिंक सगळ्यात आधी तेच बुजवतो.

मी कार्बोरेटर उघडायची हिंमत केली नाही. उतरवला, पिशवीत घातला आणि शृंगारतळीला घेऊन गेलो. तिथले मेकॅनिक मामा बाबांना ओळखतात. त्यांनी पायलट जेट उजेडाकडे धरून मला दाखवला. "बघ, दिसतोय का उजेड?" नाही दिसला. कार्ब क्लीनर मारला, हवा मारली, पुन्हा धरला. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आला. मी विचारलं, "मामा, तार घालून साफ केला तर?" ते म्हणाले, "तार घातलीस की भोक मोठं होतंय. मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पितेय." लक्षात ठेवा हे.

१३:१० मग किक

नवीन दोन लिटर पेट्रोल, नवा प्लग, साफ फिल्टर, ताजं ऑइल. आणि आता किकच्या आधीची शेवटची तपासणी: अ‍ॅक्सिलरेटर फिरवून सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. केबल गंजून अडकली असेल तर सुरू झाल्या झाल्या इंजिन बोंबलत राहील.

गाडी न्यूट्रलमध्ये. कॉक उघडून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या. चोक ओढा. चावी बंद ठेवून दोन-तीन हळू किक, म्हणजे तेल आणि पेट्रोल जागेवर पोचतं. मग चावी चालू, रेस न देता एक पूर्ण किक.

आमची तिसऱ्या किकला सुरू झाली. पांढरा धूर आला, कारण आत सोडलेलं तेल जळत होतं. दोन-तीन मिनिटांत तो थांबायला हवा. थांबला. थांबत नसेल तर मात्र मेकॅनिककडे न्या.

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "तीन किक लागल्या."

तेव्हा कळलं की काम अर्धंच झालंय. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून मामांकडे नेली. त्यांनी टॅपेट सेट केले, आयडल आणि हवेचा स्क्रू जुळवला. आता सकाळी थंड गाडीला चोक ओढला की पहिल्या किकला, फार तर दुसऱ्या किकला लागते.

१४:३० बीएस-सिक्सवाल्यांसाठी

एप्रिल २०२० नंतरच्या तुमच्या गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. तिथं गणित उलटं. पंप, सेन्सर, ईसीयू सगळं बॅटरीवर. म्हणून आधी बॅटरी. मल्टिमीटरवर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर बहुधा एक सेल गेलाय. चावी चालू केल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद 'झुंऽऽ' आवाज यायला हवा. टाकी कोरडी ठेवून पंप चालवू नका, तो पेट्रोलनेच थंड राहतो. आणि सुरू असलेल्या कारच्या बॅटरीवरून बाइकला जंप देऊ नका.

१५:२० सुरू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायची नाही

ब्रेक: उभ्या गाडीचा ड्रम ब्रेक अडकतो किंवा लागतच नाही. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदला, तेही पाणी ओढतं. टायर: बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसली तरी कडेला चिरा असतील तर टायर गेला. क्लच: आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, मग क्लच दाबलेला असूनही गिअर टाकताच गाडी उडी मारते. म्हणून इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकलून बघा. चेनला तेल द्या.

आणि कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०२३ मध्येच संपली होती. म्हणजे इंजिन चालू, पण रस्त्यासाठी गाडी बंदच. म्हणूनच मामांकडे टेम्पोतून नेली. आधी विमा, निदान थर्ड पार्टी. मग पीयूसी, आणि फॉर्म २५ भरून आरटीओत तपासणी. पास झाली की पाच वर्षांची मुदत मिळते. उशीर झाला असेल तर जादा शुल्क आणि जुन्या गाडीचा पर्यावरण कर यांचीही तयारी ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेटही लागते. गाडीवर खर्च करण्याआधी हा हिशेब मांडा. काही वेळा भंगारवाला खरंच बरोबर असतो.

१७:०० पुढच्या वेळी

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर चार कामं करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. बॅटरीची वायर काढा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. सायलेन्सर थंड झाला की त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, आणि तो दिसेल असा लाल ठेवा, नाहीतर सुरू करताना विसराल.

आमच्या गाडीची तपासणी मागच्या महिन्यात झाली. बाबांनी पहिल्या दिवशी गाडी फाट्यापर्यंत नेली, ओले काजूगर घेतले आणि परत आले. आईनं विचारलं, "किती किक मारल्यात?" बाबांनी बोट दाखवलं. एक.

तुमच्या गावच्या गाडीच्या फिल्टरमध्ये काय सापडलं ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, आणि किक सगळ्यात शेवटी!